लाकडी जमीन : अख्खी की थरांची?

नवा फ्लॅट घेतला किंवा जुन्या घराचे काम काढले, की जमिनीची चर्चा सुरू होते. शहाबादी, कोटा, मोझेक, संगमरवर, व्हिट्रिफाइड टाइल्स ही सारी आपल्या ओळखीची मंडळी. पण हल्ली निदान एका खोलीत तरी लाकडी जमीन हवी, अशी हौस पुष्कळ घरांतून दिसते. कुणी ती नातलगांकडे पाहिलेली असते, कुणी हॉटेलात, तर कुणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेली असताना. लाकूड पायाला गार लागत नाही, खोलीला भारदस्तपणा येतो. हौस करावी, त्यात गैर काही नाही. पण मैत्रिणींनो, पडदा आवडला नाही तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. जमीन बदलायची तर आख्खी खोली रिकामी करावी लागते आणि खर्च पुन्हा पहिल्यापासून!

घरची मंडळी आणि दुकानदार यांचे बोलणे बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते. रंग कोणता, आणि चौरस फुटाला भाव काय? तिसरा प्रश्न क्वचितच कुणी काढते. ही जमीन रोज पुसणार कोण, आणि कशाने? माझ्या मते अख्खे लाकूड घ्यावे की थरांचे, की मुळात लाकूडच घेऊ नये, याचे उत्तर या तिसऱ्या प्रश्नात दडलेले आहे.

एक नाव, निरनिराळे माल

दुकानात ‘वुडन फ्लोअरिंग’ म्हटले की तीन वेगळे माल समोर येतात. त्यांतला फरक आपल्याला माहीत नसला, तर दुकानदार तो आपण होऊन सांगेलच असे नाही.

पहिला माल सॉलिड, म्हणजे अख्ख्या लाकडाचा. वरपासून खालपर्यंत फळी एकाच लाकडाची, जाडी साधारण १८ ते २० मिलिमीटर. आपल्याकडे सागवान, बाहेरून येणाऱ्यांत ओक वगैरे.

दुसरा माल इंजिनिअर्ड. हा थरांचा. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर आणि खाली प्लायवुडसारखे एक उभा, एक आडवा असे चिकटवलेले थर. म्हणजे पाय पडतो तो खऱ्या लाकडावरच, पण ते लाकूड वरच्या काही मिलिमीटरपुरते असते. ही युक्ती काही कालची नव्हे. स्वीडनमधल्या गुस्ताफ केर या कारखानदाराने थरांच्या फळीचे पेटंट १९४१ मध्येच घेतले होते.

तिसरा माल लॅमिनेट. यात लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेला बोर्ड असतो, त्यावर लाकडाचे छायाचित्र छापलेला कागद आणि वर टणक पारदर्शक थर. हाही शोध स्वीडनचाच, पेर्स्टोर्प कंपनीचा, १९७७ सालचा. लॅमिनेट वाईट नाही बरं का. स्वस्त आहे, ओरखडे सहसा पडत नाहीत. पण घासून पुन्हा नवे करता येत नाही, आणि सांध्यांतून पाणी आत शिरले तर बोर्ड फुगतो. फुगलेला बोर्ड वाळल्यावर पूर्वीसारखा होत नाही. तेव्हा लॅमिनेट लॅमिनेटच्या भावाने घ्यावे, लाकडाच्या भावाने नव्हे.

ओळखायचे कसे? नमुन्याची फळी हातात घ्या आणि तिची कापलेली कड पाहा. अख्ख्या लाकडात वरच्या रेषा कडेवरून खाली उतरताना दिसतात. थरांच्या फळीत खारी बिस्किटासारखे पापुद्रे दिसतात. लॅमिनेटची कड एकसारखी तपकिरी, भुशाच्या पुठ्ठ्यासारखी. शिवाय लॅमिनेटच्या पाच-सहा फळ्या शेजारी मांडल्या, की एखादी गाठ किंवा नक्षी कुठेतरी हुबेहूब तशीच पुन्हा आलेली सापडते. झाडाला अशी नक्कल करता येत नाही.

माझ्या ओळखीच्या एका बाईंना अंदाजपत्रकात नुसते ‘ओक वुडन फ्लोअरिंग’ लिहून दिले होते. त्यांनी फळी उलटी करून कड पाहिली, तेव्हा ओक हे फक्त वरच्या छायाचित्राचे नाव निघाले! बयाणा द्यायच्या आधी पाहिले म्हणून बरे झाले.

वैशाखातली फट, श्रावणातले अडकलेले दार

लाकडाचा स्वभाव समजण्यासाठी पुस्तक उघडायला नको. आपल्या घराची लाकडी दारे आठवा. उन्हाळ्यात दार आणि चौकट यांच्यात फट दिसते, आणि पावसाळ्यात तेच दार खांदा लावल्याशिवाय बंद होत नाही. झाड तोडून कितीही वर्षे झाली, तरी लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की ते रुंदीत फुगते, सोडला की आकसते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

आता हाच हिशेब जमिनीला लावू. पाच इंच रुंदीची सागवानी फळी घ्या. कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत तिच्यातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर ती सुमारे दीड मिलिमीटर रुंद होऊ शकते. वाटायला किती थोडे! पण दहा फुटांच्या खोलीत अशा चोवीस फळ्या बसतात. सगळ्यांचे मिळून साडेतीन सेंटिमीटर होतात. त्यांना सरकायला जागा नसेल, तर त्या मधोमध उचलल्या जातात. आणि सागवान हे फार कमी हलणारे लाकूड म्हणून नावाजलेले आहे. ओकची हालचाल याच्या जवळजवळ दुप्पट.

गावागावात फरक आहे, हेही ध्यानात घ्या. मुंबई-कोकणात हवा बाराही महिने दमट, त्यामुळे लाकूड नेहमीच थोडे फुगलेले राहते. विदर्भात मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत, आणि दोन महिन्यांत धो धो पाऊस. तिथे लाकडाची ओढाताण जास्त. बांधकामाच्या लाकडात ओलावा किती चालेल हे सांगणारे भारतीय मानक आहे, आय. एस. २८७. त्यातही हवेतल्या दमटपणाप्रमाणे देशाचे चार विभाग केले आहेत. जे लाकूड एका गावी ठीक, ते दुसऱ्या गावी तसेच वागेल असे नाही, हा त्याचा अर्थ.

थरांच्या फळीचा मोठा गुण इथे उपयोगी पडतो. एका थराला रुंदीत फुगायचे असते, पण त्याला चिकटलेला आडवा थर त्या दिशेने हलत नाही. तो वरच्याला धरून ठेवतो. म्हणून फळी अगदी स्थिर राहते असे नव्हे, पण हालचाल पुष्कळच कमी होते. अख्ख्या लाकडाचीच हौस असेल, तर अरुंद फळ्या घ्याव्यात, तीन इंचांच्या आसपास. फुगणे-आकसणे अनेक सांध्यांत वाटले जाते आणि फटी डोळ्यांत भरत नाहीत.

“आमच्या वाड्यात शंभर वर्षे टिकलं!”

लाकडाचा विषय निघाला की घरातले वडीलधारे हे हमखास म्हणतात, आणि ते खोटे नाही. पण ते लाकूड वाड्यात कुठे होते, ते आठवा. तक्तपोशी असायची वरच्या मजल्यावर. खाली तुळया, आणि तुळयांखाली खेळती हवा. तळमजल्यावर शेणाने सारवलेली जमीन, नाहीतर दगडी फरशी. जुन्या गवंडी-सुतारांनी जमिनीच्या ओलीवर लाकूड अंथरले नाही. त्यांना त्याचे कारण पक्के ठाऊक होते.

शिवाय ते सागवान जंगलात सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, आलापल्ली-बल्लारशाचा साग नावाजलेला आहे तो त्याच्या भरल्या गाभ्यामुळे. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे तो वाळवीला आणि कुजण्याला दाद देत नाही. पण हा गुण गाभ्याचा, बाहेरच्या पांढरट भागाचा नव्हे. लागवडीच्या कोवळ्या झाडांत हा पांढरट भागच जास्त निघतो. ‘सागवान’ या नावावर न जाता फळीत पांढरे पट्टे किती आहेत ते पाहावे.

आणखी एक गंमत. सागवान कठीण म्हणून आपण त्याची वाखाणणी करतो, पण ओकपेक्षा ते जरा मऊच असते. वरवंटा पडला, तर सागवानावरही खोक पडेल. सागाचा खरा मोठेपणा कमी हलण्यात आणि किडीला दाद न देण्यात आहे.

ज्यांच्या जुन्या घरात वरच्या मजल्यावर अजून चांगल्या फळ्या आहेत, त्यांनी मात्र त्या काढून टाइल्स बसवण्याची घाई करू नये. घासून पॉलिश केले, तर तसे लाकूड आज विकत मिळणे कठीण.

“पुन्हा घासता येतं” हे किती खरे?

अख्ख्या लाकडाची फळी महाग का, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. “बाई, ही कितीही वेळा घासून नवी करता येते.” वीस मिलिमीटर जाडी पाहून आपल्यालाही ते पटते. पण या फळ्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत. ही खाच फळीच्या मधल्या भागात असते, आणि घासता येते फक्त खाचेच्या वरचे लाकूड. ते भरते सुमारे सहा मिलिमीटर. खालचे सारे लाकूड घासण्याच्या कामाचे नाही.

म्हणून थरांच्या फळीत सगळ्यांत आधी विचारायचे ते वरच्या थराची जाडी. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर घासण्याचा विचारच सोडावा. तीन-चार मिलिमीटर असेल, तर एक-दोन वेळा जपून घासता येते. सहा मिलिमीटर असेल, तर त्या बाबतीत ती अख्ख्या लाकडाच्या बरोबरीने उभी राहते. एकूण जाडी पंधरा मिलिमीटर आहे असे सांगून वरचा थर अर्ध्या मिलिमीटरचा देणारा माल बाजारात असतो. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या.

पाणी आणि आपली सवय

परदेशातल्या घरांत लाकडी जमीन सर्रास असते. तिथे ती झाडतात, व्हॅक्यूमने साफ करतात. आपल्याकडे रोज सकाळी बादलीभर पाणी, त्यात फिनेल, आणि ओले फडके. ही आपली पिढ्यान् पिढ्यांची चांगली सवय आहे. पण लाकडाला ती मानवत नाही, अख्ख्यालाही नाही आणि थरांच्यालाही नाही. थरांची फळी हवेतला दमटपणा सोसते, म्हणून ती साचलेले पाणीही सोसेल असे समजू नये. सांध्यांत पाणी मुरले की कडा काळ्या पडतात, थर सुटू लागतात.

आमच्या शेजारच्या वहिनींकडे दिवाणखान्यात थेट गॅलरीच्या दारापर्यंत लाकूड घातले आहे. निवड झाली ती त्यांचे यजमान आणि ठेकेदार यांच्यात. आता जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरून आले की वहिनी हातातले काम टाकून दारापाशी जुने टॉवेल अंथरायला धावतात. परवा हसत म्हणाल्या, “अहो, ही जमीन माझ्यासाठी की मी जमिनीसाठी?” हसण्यावारी नेले, तरी प्रश्न खरा आहे.

म्हणून खोल्या आधी ठरवा. स्वयंपाकघर, न्हाणीघराच्या दाराजवळची जागा, कपडे धुण्याचे यंत्र असलेला कोपरा, देवघरासमोरची तेला-पाण्याची जागा आणि पावसाची झड येते तो पट्टा, इथे फरशीच उत्तम. वातानुकूलन यंत्राचे पाणी भिंतीवरून गळत असेल, तर आधी ते दुरुस्त करून घ्या. निजायची खोली किंवा अभ्यासाची खोली लाकडाला सगळ्यांत सोयीची. आपल्या घरांत चपला बाहेर काढतात, हा मात्र लाकडाच्या बाजूचा मोठा गुण. कारण लाकूड खराब होते ते बुटांबरोबर आत येणाऱ्या कचकचीने.

निगा सोपी आहे, फक्त वेगळी आहे. मऊ कुंच्याने झाडावे, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे. फडके फिरवल्यावर मिनिटाभरात जमीन कोरडी दिसली पाहिजे. फिनेल, सोडा, व्हिनेगर नको. टेबल-खुर्च्यांच्या पायांना खालून जाड बनातीचे तुकडे चिकटवावेत. सांडलेले पाणी, दूध, तेल लगेच टिपून घ्यावे. कामाला बाई येत असतील, तर त्यांना पहिल्याच दिवशी करून दाखवा आणि त्या खोलीचे फडके वेगळे ठेवा. आयुष्यभर ज्यांना ‘स्वच्छ पाण्याने पुसा’ असे आपणच सांगितले, त्यांना नंतर बोल लावण्यात अर्थ नाही.

बसवण्यापूर्वी

नवीन सिमेंटची जमीन वरून सुकलेली दिसली, तरी आत ओल असते. कोब्याच्या दर इंचाला सुकायला साधारण महिना धरावा, पावसाळ्यात त्याहून जास्त. घरी करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. दीड फूट चौरस प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा जमिनीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. एक दिवस-रात्र गेल्यावर उचलून पाहा. आतून थेंब धरले असतील किंवा जमीन काळपट दिसत असेल, तर काम थांबवा. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ही परीक्षा केल्यावाचून पैसेच देऊ नयेत.

वाळवीचे औषध मारायचे ते जमीन बसण्यापूर्वी, नंतर नव्हे. थरांच्या फळीचे खालचे थर बहुधा साध्या लाकडाचे असतात, त्यांना वाळवी लागू शकते. पूर्वी घरात वाळवी निघाली असेल, तर ती कुठून येते याचा माग काढल्याशिवाय लाकूड अंथरू नका.

फळ्यांचे खोके आल्याबरोबर फोडून ठोकायला घेऊ देऊ नये. ज्या खोलीत बसवायचे तिथेच ते ठेवावेत. थरांच्या फळ्या दोन-तीन दिवस, अख्ख्या लाकडाच्या निदान आठवडा-दोन आठवडे. तिथली हवा लाकडाच्या अंगवळणी पडू द्यावी. भिंतीच्या कडेने दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडलीच पाहिजे. अख्ख्या लाकडाला खोली मोठी असेल तर त्याहून थोडी अधिक. ती वरून पट्टीने झाकली जाते. ‘कशाला फट ठेवता, अगदी भिंतीला भिडवा’ असे आपणच सुतारांना सांगू नये!

आणि दारे विसरू नका. जुन्या फरशीवर लाकूड घातले की जमीन पाऊण-एक इंच वर येते. दारे खालून तासावी लागतात, कपाटाची दारे अडतात, दोन खोल्यांच्या मध्ये पायाला लागेल अशी पायरी तयार होते. घरात म्हातारी माणसे असतील तर तिथे उताराची पट्टी बसवून घ्या.

दुकानात हे विचारा

१. फळी अख्खी, थरांची की लॅमिनेट? बिलावर तोच शब्द लिहून द्याल का?

२. वरच्या थराचे लाकूड कोणते, आणि त्याची जाडी किती मिलिमीटर?

३. खालचे थर प्लायचे की दाबलेल्या भुशाचे? ओलीला प्लाय जास्त टिकते.

४. थर चिकटवायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो, त्याची प्रत कोणती? ‘ई-१’ किंवा त्याहून कमी वायूची प्रत मागावी. घरात तान्हे मूल किंवा दम्याचे माणूस असेल तर हा प्रश्न पहिला, आणि काम झाल्यावर थोडे दिवस खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

५. भावात खालची चादर, कडेच्या पट्ट्या, मजुरी आणि वाया जाणारा माल धरला आहे का? कापाकापीसाठी दहा टक्के फळ्या जास्त घ्याव्या लागतात. चार-सहा फळ्या उरल्या तर ठेवून द्याव्यात, पुढे एखादी खराब झाली तर तोच रंग मिळत नाही.

६. हमी पाण्याने झालेल्या नुकसानीला लागू आहे की नाही? बहुतेक ठिकाणी ती नसते.

मग घ्यायचे काय?

सिमेंटच्या स्लॅबचा फ्लॅट, वरचा मजला, एखादी कोरडी खोली आणि लाकडाची खरी हौस, असे असेल तर प्लायच्या थरांची फळी घ्या. वरचा थर निदान तीन मिलिमीटरचा असू द्या. आपल्या हवेला आणि आपल्या बांधणीला ती जास्त मानवते. तिला ‘नकली’ म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

स्वतःचे बंगलेवजा घर, वरचा कोरडा मजला, ओळखीचे चांगले सुतार, गाभ्याचे सुकवलेले सागवान आणि हाताशी भरपूर पैसे, असा योग असेल तर अख्खे लाकूड जरूर घ्या. ऋतूप्रमाणे पडणाऱ्या बारीक फटी मात्र त्याचा स्वभाव म्हणून स्वीकारा.

भाड्याचे घर, लहान मुले, रोज ओले पुसण्याची सवय मोडवत नाही, किंवा तळमजल्याला ओल येते, तर सरळ फरशीच ठेवा. लाकडाचा भास हवाच असेल, तर लाकडी नक्षीच्या टाइल्स किंवा विनाइलच्या फळ्या मिळतात. विनाइल म्हणजे प्लास्टिक, पण निदान पाण्याला भीत नाही. यात कमीपणा कसला?

शेवटी एक काम आजच करण्याजोगे. दुकानातून पसंत पडलेल्या फळीचे दोन तुकडे मागून आणा. अडकवून बाजूबाजूला ठेवा आणि सांध्यावर रात्रभर ओले फडके टाकून सकाळी पाहा. कड फुगली का, बोटाला उंचवटा लागतो का, रंग बदलला का? मग ते तुकडे घरातल्या मंडळींसमोर चहाच्या टेबलावर ठेवा आणि मग भावाची बोलणी होऊ द्या. जमीन पुसण्याचे काम आपल्याकडे असेल, तर ती निवडताना पहिला शब्दही आपलाच असायला हवा.